सोलापूरचा कंटेनर महाग का पडतो

सोलापुरातून परदेशात टॉवेल जातात ते कंटेनर भरभरून; माणसं जातात ती मोजकीच. अठरा वर्षं मी टॉवेलांचे कागद तयार करते. कुठल्या जहाजातून जाणार, कुठल्या बंदरात उतरणार, वजन किती, कार्टन किती, सगळं माझ्या हातून टाइप होऊन जातं. पण मी स्वतः त्यांच्यामागून जाईन असं कधी वाटलं नव्हतं. पासपोर्ट काढला तोसुद्धा पुतणीच्या आग्रहाने, आणि तीन वर्षं तो कपाटात साड्यांच्या खाली पडून होता.

आमचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आमचा मोठा ग्राहक युरोपात, हॉटेलांना टॉवेल पुरवणारा. जाड, आंघोळीचे टॉवेल तो आमच्याकडून घेतो आणि तोंड पुसायचे छोटे व्हिएतनामहून. आमची दुसरी पाळी चालते ती या एका माणसाच्या जिवावर. दुसऱ्या पाळीत चाळीसेक माणसं आहेत आणि पॅकिंगच्या आठ बायका.

यंदा संक्रांत झाली आणि त्या ग्राहकाचा मेल आला. टॉवेलाबद्दल तक्रार नाही, म्हणाला. पण तुमचा कंटेनर जहाजावर चढेपर्यंत जो खर्च होतो आणि जो तुम्ही दरात धरता, तो व्हिएतनामच्या हायफाँग बंदराच्या जवळजवळ दुप्पट आहे. पुढच्या हंगामापर्यंत तो उतरला नाही तर मोठे टॉवेलही तिकडेच विणून घेऊ. तुमचं कोणी तिकडे जाऊन बघणार असेल तर आम्ही सांगून ठेवतो.

अण्णांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. पाय खुर्चीवर पसरून ते म्हणाले, "शोभाक्का, तुमीच जावा. मला माग कळतात, तुमाला कागद कळतात. आणि हा रोग कागदातला हाय."

आमच्या यजमानांची सगळी नोकरी रेल्वेत, होटगी स्टेशनात झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालगाडीची वाघीणसुदा फिरून परत येती. तू ये म्हंजे झालं."

निघायच्या दिवशी पॅकिंगमधले मल्लेशम मामा ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. मामा आमच्या इथे अण्णांच्या वडिलांपासून आहेत. घरची भाषा तेलुगू, घराण्याचा धंदा विणकराचा. डोळे गेल्यावर माग सोडला आणि पॅकिंगला बसले. त्यांच्या हातातून गेल्याशिवाय आमचं एकही कार्टन बंद होत नाही. "तितं टॉवेल कसं भरत्यात तेवढं बघून या की," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं आणि विसरले, कारण मला बघायचं होतं ते दुसरंच.

खरं सांगायचं तर मला काही बघायचं नव्हतंच. उत्तर मला ठाऊक होतं. एका वहीत मी दोन रकाने आखले होते, डावीकडे सोलापूर, उजवीकडे हायफाँग. त्याखाली ओळी: लॉरीभाडं, कागदपत्रं, बंदराचे आकार, थांबल्याचा दंड, तपासणी. डावा रकाना घरूनच भरून नेला. उजवा भरायचा आणि परत येऊन सांगायचं की रस्ता लांब, सरकार आमचं असं, बंदर तसं, आमच्या हातात काही नाही. ग्राहकाला पटलं तर ठीक, नाहीतर नशीब.

हायफाँग

मुंबईहून हनोई आणि तिथून गाडीने दोन तासांत हायफाँग. न्यायला थू आली होती. ग्राहकाचे छोटे टॉवेल विणणाऱ्या ज्या कारखान्यात माझी सोय लावली होती तिथे ती माझंच काम करते, म्हणजे कागद. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, पण फार बरं नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. गाडीत बसून दोन मिनिटं झाली नाहीत तोच तिने माझं वय विचारलं. मला जरा राग आला. सोलापुरात बाईला वय विचारायचं तर आधी चहा तरी देतात. मग तिने समजावलं, की वय कळल्याशिवाय हाक काय मारायची तेच ठरत नाही. मी मोठी निघाले, तेव्हा ती मला 'ची' म्हणणार, म्हणजे ताई. आणि मी तिला 'एम', म्हणजे धाकटी. हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही समोरच्याला अक्का म्हणायचं की मावशी, हे आपण मनातल्या मनात त्याचं वय विचारूनच ठरवतो. या बायका ते तोंडाने विचारतात, एवढाच फरक.

मी गेले त्या दिवसांत तिकडे एक चमत्कारिक हवा असते. पाऊस नाही, धुकं नाही, पण भिंतींना घाम येतो. हॉटेलच्या जिन्यात फरशी ओली, आरसा ओला, उशीची खोळ दमट. सकाळी धुतलेला टॉवेल रात्रीपर्यंत तसाच गार. सोलापूरच्या माणसाला हे पचत नाही. आमच्याकडे वैशाखात दोरीवर टाकलेला टॉवेल दुसरं टोक टाकेपर्यंत वाळलेला असतो. मी पहिला दिवस ओल्या केसांनी फिरले आणि दुसऱ्या दिवशी शिंकायला लागले.

जेवणाचं मात्र मी घाबरत होते तेवढं अवघड गेलं नाही. पहिल्या सकाळी थूने खेकड्याच्या रश्श्यात घातलेल्या तपकिरी, रुंद शेवया खाऊ घातल्या. खेकडा मी खाते, पण सकाळी आठला पहिल्यांदाच खाल्ला. रस्सा पातळ, चव चांगली, तिखट नावाला नाही. मी पिशवीतून शेंगाचटणीची डबी काढली आणि चमचाभर घातली. थूने वास घेतला आणि तिलाही हवी झाली. मी नको नको म्हणत असताना तिने दोन चमचे घेतले. पुढची दहा मिनिटं ती डोळे पुसत होती आणि हॉटेलवाली बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. दुपारी थूने सूड म्हणून मला त्यांची चटणी आणून दिली. काय होती? भाजलेले शेंगदाणे आणि तीळ कुटून, मीठ घालून. भातावर घेऊन खातात. आमचीच चटणी, फक्त मिरची घरी विसरून आलेली. मी ती भातावर घेतली आणि मला इतकं बरं वाटलं की मी घरी फोन करून ते सांगितलं. यजमान म्हणाले, "त्यासाठी एवढ्या लांब जायला हवं हुतं व्हय?"

टॉवेलांचं गाव

थूचा कारखाना हायफाँगपासून दीड-दोन तासांवर, थाय बिन्हच्या बाजूला, टॉवेल विणणाऱ्या एका गावात आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, मधूनच शेतातच बांधलेल्या थडग्यांचे ओटे. पाण्याची एवढी चैन बघून दुष्काळी भागातल्या माणसाला उगीचच कुणाचा तरी हेवा वाटतो, नेमका कुणाचा ते कळत नाही.

गावाच्या वेशीवर गाडी थांबली आणि काच खाली केल्याबरोबर मागांचा आवाज आला. घराघरातून. तोच खडखडाट, तोच ठेका. डोळे मिटले असते तर मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या कुठल्याही बोळात उभी आहे असं म्हटलं असतं. मला एकदम घरची आठवण येऊन रडू आलं. थूला वाटलं सर्दी वाढली, तिने रुमाल दिला.

कारखान्यात मी दोन दिवस होते. तिथली एक रीत मला फार आवडली. जेवण झालं की सगळे झोपतात. मालक, कारकून, माग चालवणारे, सगळे. चटया अंथरतात, दिवे घालवतात, आणि तासभर कारखाना चिडीचूप. आमच्याकडे दुपारची डुलकी असते, पण ती चोरून घ्यायची, कापडाच्या गठ्ठ्यामागे. इथे ती उघड आणि हक्काची. पहिल्या दिवशी मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांत शेवटी मी उठले.

एक गोष्ट मात्र सतत टोचत होती. ज्यांच्या घरात आपली ऑर्डर जायची आहे त्यांच्याच चटईवर आपण झोपतोय. मी थूला तसं विचारलंच. मोठ्या टॉवेलांची ऑर्डर तुम्हाला हवी आहे ना? ती खरं बोलली. म्हणाली, "मालकांना हवी आहे. मला नको. त्यासाठी नवे रुंद माग घ्यावे लागतील, कर्ज काढावं लागेल, आणि मी आताच मुलगी झोपल्यावर घरी पोचते." मग हसून म्हणाली, "पण तू हे मालकांना सांगू नकोस, ची."

पॅकिंगच्या खोलीत एक म्हातारी होती. तिला सगळे 'बा' म्हणत, म्हणजे आजी. तिच्यासमोर लोखंडी वजनकाटा. प्रत्येक कार्टन भरून झालं की काट्यावर; आकडा बघायचा, कार्टनवर पेनने लिहायचा, मग चिकटपट्टी. मी बघत असताना एक कार्टन वजनाला जास्त भरलं. बाने ते उघडलं, भराभरा मोजलं, एक टॉवेल ओढून बाहेर काढला आणि भरणाऱ्या पोरीला असं काही सुनावलं की भाषा न कळताही मी दचकले.

मी थूला म्हटलं, "एक जास्त गेला तर काय बिघडलं? घेणारा खूश होईल."

थूने ते बाला सांगितलं. बाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी आमच्याकडे हळदीकुंकवाला चपला घालून आत आलेल्या बाईकडे बघतात. मला ती कंजूष वाटली. वहीत मी तसं लिहिलंही: 'हे लोक हाताने सढळ नाहीत.' आता ते पान बघितलं की कान गरम होतात.

बंदराच्या दारात

तिसऱ्या दिवशी त्यांचा एक कंटेनर निघाला आणि मी त्याच्या मागे निघाले. मला थांबल्याची ओळ भरायची होती. आमचा कंटेनर सव्वाचारशे किलोमीटर जातो, घाट उतरतो, आणि बंदराबाहेर रांगेत लागतो. मग तपासणी लागते, मग तो उघडतात, मग जहाज चुकतं, मग पुढच्या जहाजापर्यंत जागेचं भाडं. यांचा कसा जातो ते मला घड्याळ लावून बघायचं होतं. बंदराजवळ एका टपरीवर आम्ही बसलो. थूने बर्फ घातलेला कोरा चहा मागवला. मी घड्याळ काढून वहीजवळ ठेवलं. ग्लास अर्धा झाला नव्हता तोच थूचा फोन वाजला. कंटेनर आत गेला होता, वजन जुळलं होतं, कागद पास झाले होते.

मी विचारलं, "तपासणी?"

"नाही लागली."

"कधीच लागत नाही?"

"लागते. वर्षातून एखाद-दोन वेळा."

मी वही तिच्यासमोर सरकवली. उजवा रकाना तिने स्वतः भरला. लॉरीभाडं आमच्या तिसऱ्या हिश्शाचं. ते अंतराचं, त्याला इलाज नाही, सोलापूर काही समुद्राकडे सरकणार नाही. कागदपत्रांचा खर्च जवळपास सारखा. बंदराचे आकार उन्नीस-बीस. माल भरायच्या हमालीत तर आम्हीच स्वस्त निघालो, आणि मला त्याचा जरा अभिमान वाटून गेला. राहिल्या शेवटच्या दोन ओळी. तिच्या बाजूला तिथे जवळजवळ काही नव्हतं. आमच्या बाजूला एवढं होतं की दुप्पट का, याचा निम्म्याहून जास्त जबाब त्या दोन ओळींतच होता.

"तुमचा कंटेनर एवढ्या वेळा का उघडतात?" थूने विचारलं.

मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं: आमच्याकडचे अधिकारी, आमच्याकडची पद्धत. ती मधेच म्हणाली, "ची, कागद दाखव."

मागच्या वर्षाचे कागद मी फोनमध्ये नेले होते. ती एकेक बघत गेली. मी लिहिलेलं वजन आणि बंदरावर केलेलं वजन. पाच कंटेनर बघून तिने फोन खाली ठेवला. "तुमचं वजन प्रत्येक वेळी जास्त भरतं. कमी कधीच नाही. आणि दर वेळी जवळपास तेवढंच. वजन जुळलं नाही तर उघडणारच की. आणि एकदा तुमचं नाव तसं झालं की पुढच्या वेळी आधी तुमचाच उघडणार."

यावरही माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी अठरा वर्षं देत आले होते. सोलापूरची हवा कोरडी, समुद्राची दमट. टॉवेल आहे, पाणी पिणारच. बंदरावर पोचेपर्यंत त्याचं वजन वाढतं. दर वेळी मी वजन दुरुस्त करून दिलं होतं आणि हेच सांगितलं होतं. अण्णांनाही हेच सांगितलं होतं.

थूने टपरीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवरून पाण्याचे ओघळ येत होते. मग ती म्हणाली, "आमच्या टॉवेलांना तहान लागत नाही का?" तेवढ्यावरही मी गप्प बसले नाही, तेव्हा तिने शेवटचं विचारलं, "तुमच्या कार्टनमध्ये आत प्लॅस्टिकची पिशवी असते ना? बंद केलेली?"

असते. ती पिशवी मीच मागवते.

मग मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. वजनाचा फरक तीनशे किलोच्या आसपास. कंटेनरमध्ये कार्टन सहाशे. म्हणजे कार्टनमागे अर्धा किलो. आमचा आंघोळीचा टॉवेल अर्ध्या किलोचा असतो.

आकडा लिहायच्या आधीच मला मल्लेशम मामांचा हात दिसला. कार्टनमध्ये छत्तीस टॉवेल भरायचे, वर हात फिरवून घडी बसवायची, आणि मग बाजूच्या ढिगातून आणखी एक घेऊन वर ठेवायचा. अठरा वर्षं मी ते बघत होते. सगळा कारखाना बघत होता. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, उलट कौतुकच वाटायचं. बांगड्यावालासुद्धा डझनावर एक देतो. वडिलांच्या काळात गठ्ठ्यामागे एक द्यायचो, असं अण्णा पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. तेव्हा एका गठ्ठ्यात ढीगभर माल असायचा. पुढे गठ्ठे गेले, कार्टन आली, मामांची रीत तीच राहिली. तुटीफाटीसाठी थोडे जास्त विणलेले असतातच, त्यातून ते घेत. त्यामुळे कमी पडल्याचं कुणाला कळलं नाही. आणि वजन लिहिणारी मी. मी कार्टन कधी काट्यावर ठेवलंच नाही. कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेल्या तक्त्यावरून छत्तीस टॉवेलांचं वजन लिहीत राहिले.

मी थूला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तो माणूस चांगला असणार." मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाली, "पण त्याला सांगावं लागेल."

परतीच्या विमानात मला एक क्षण झोप लागली नाही. सरकारवर, रस्त्यावर, बंदरावर ढकलायला मी वही घेऊन गेले होते, आणि येताना त्या वहीत माझं नाव होतं आणि एका म्हाताऱ्याचं. माझं मला सोसलं असतं. पण दुसरी पाळी बंद पडायची वेळ आली ती मामांच्या चांगुलपणाने, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

परत अक्कलकोट रोड

अण्णांनी वही बघितली आणि मिटून ठेवली. मग म्हणाले, "आधी मलाच चार शिव्या घालायला पायजे. बापाची रीत म्हणून छाती फुगवून सांगत हुतो." मामांना सांगायचं काम मात्र त्यांनी माझ्यावर टाकलं. "माझ्याकडनं न्हाय व्हायचं. मला त्यांनी खांद्यावर खेळवलंय."

मी दुपारी पॅकिंगमध्ये गेले. बायका जेवायला बाहेर गेल्या होत्या. मामा स्टुलावर बसून सुतळी गुंडाळत होते. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. वजन जुळत नाही म्हणून कंटेनर उघडतात, उघडतात म्हणून थांबतो, थांबतो म्हणून महाग पडतो, आणि ऑर्डर जायला आली आहे. चूक माझी, मी वजन केलं नाही. पण वरचा एक आता बंद करावा लागेल.

मामांनी सुतळी खाली ठेवली. "म्या कमी भरू म्हणता?"

"कमी नाही मामा. बरोबर भरा."

"बरोबर म्हंजे कमीच की वो, अक्का."

मग त्यांनी सांगितलं ते मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. ते दहा-बारा वर्षांचे असताना वडिलांबरोबर पेठेत चादरी घेऊन गेले होते. व्यापाऱ्याने मोजल्या, एक कमी भरली. घरीच राहिली होती, आई धुवायला घेऊन गेली होती. व्यापाऱ्याने भर दुकानात वडिलांना चोर म्हटलं. वडील तसेच मागे फिरले. घरी जाऊन ती चादर आणली, तिच्यावर आणखी एक ठेवली आणि नेऊन दिली. "तवापास्नं आमच्या घरात वर एक घातल्याबिगार माल जात न्हाय. एक वर असला की कुणी चोर म्हणत न्हाय," मामा म्हणाले.

मला रडू येत होतं आणि कामाचं बोलायचं होतं. मी म्हटलं, "मग घाला मामा. तुम्ही घाला, मी कागदावर लिहिते. सदतीस. एक फुकट. वजन त्याप्रमाणे लावते. काही अडचण येणार नाही."

अण्णांना न विचारता मी हे बोलून गेले होते. मामांनी मान हलवली. "लिवल्यावर ते वरचं कसं राहील? ते हिशेबातलंच झालं की."

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले नाहीत. एवढ्या वर्षांत न सांगता खाडा नाही. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा नवा वजनकाटा पॅकिंगमध्ये बसवलेला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, टोपी खुंटीला लावली आणि पहिलं कार्टन ओढलं. छत्तीस भरले, हात फिरवला. हात सवयीने ढिगाकडे गेला, टॉवेल उचलला, आणि त्यांनी तो परत ढिगावर ठेवला. काट्यावर आकडा बरोबर आला. मी तो लिहून घेतला. असं सहाशे वेळा व्हायचं होतं. मी शंभरावर उठून ऑफिसात गेले, मला बघवेना.

तो कंटेनर गेला. वजन जुळलं तरी तपासणी लागली, आमचं नाव आधीच झालेलं होतं. पुढच्यालाही लागली. तिसरा न उघडता आत गेला आणि ठरल्या जहाजावर चढला, चौथाही तसाच. लॉरीभाडं आहे तेवढंच आहे, हायफाँगची बरोबरी आम्हाला जन्मात होणार नाही. पण फरक निम्म्यावर आला. नवा दर मी ग्राहकाला कळवला आणि आम्ही सगळे मेलची वाट बघत बसलो. थूचा मात्र मधेच एक मेल आला. तिने फक्त विचारलं होतं, म्हातारा कसा आहे.

ग्राहकाचं उत्तर बावीस दिवसांनी आलं. मोठे टॉवेल सोलापूरलाच, पुढचा पूर्ण हंगाम. अण्णांनी लंगडत जाऊन दुसऱ्या पाळीला पेढे वाटले. मी मेल पुन्हा शेवटपर्यंत वाचला तेव्हा खाली आणखी चार ओळी होत्या. त्या वाचून मी कागद छापला आणि पॅकिंगमध्ये गेले.

मामांना मराठीत वाचून दाखवलं. ग्राहकाने लिहिलं होतं: 'आणखी एक, कामाचं नाही. आमच्या गोदामातली माणसं विचारत आहेत. तुमच्या प्रत्येक कार्टनमध्ये वर एक टॉवेल जास्त असायचा. तो कागदावर नसल्याने विकता यायचा नाही. तिथे कार्टन जो फोडायचा, तोच हा टॉवेल घरी न्यायचा. काहींच्या घरी सगळे टॉवेल तुमचेच आहेत. यंदाच्या मालात तो नाही. त्यांना वाटतं, तो भरणारा माणूस आजारी आहे किंवा आता राहिला नाही. कळवाल का?'

मामांनी पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. आठही बायकांचे हात थांबले होते.

"म्हंजे पोचत हुता की," मामा म्हणाले.

मग त्यांनी अर्धवट भरलेलं कार्टन जवळ ओढलं आणि मान वर न करता मला सांगितलं, "लिवा त्यास्नी. जित्ता हाय म्हनावं. मोजून भरतोय."

मी तसंच लिहिलं.